यमू तपेलीचा वरवंटा

त्या राज्यात माणसं नव्हती, भांडी होती, आणि प्रत्येक भांडं बुडाखाली आपापला निखारा घेऊन हिंडत असे. पोटात सतत काही ना काही शिजत असल्यामुळे तिथला रामरामही वेगळा होता. दोन भांडी समोरासमोर आली की झाकण बोटभर उचलायचं, थोडी वाफ सोडायची आणि विचारायचं, "काय शिजतंय?" समोरच्याने वास घेऊन "वा!" म्हणायचं, की दोघंही आपल्या वाटेला मोकळी.

एवढं साधं काम, पण यमू तपेलीला ते कधी जमलं नाही. तिच्या पोटात दूध होतं. लहानपणी एकदा घरी पाहुणे आले तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती भरभरून वर आली आणि उतू गेली. तिला सांभाळणाऱ्या सांडशी आत्याने भर बैठकीत तिची कड पकडली, तिला गदागदा हलवलं आणि म्हणाली, "बघा हिचं! एक गोष्ट पोटात राहत नाही कार्टीच्या." पाहुण्या म्हणून आलेल्या पराती खणखणून हसल्या. त्याच दिवशी यमूने झाकण ठोकून बसवलं, त्यावर घरातला वरवंटा आडवा ठेवला, आणि तो पुन्हा उतरवला नाही.

वरवंटा गडगडू नये म्हणून ती ताठ राहून, संथ पावलं टाकत चाले. "काय शिजतंय?" असं कुणी विचारलंच तर "भात" म्हणायचं तिने ठरवून ठेवलं होतं, कारण भाताबद्दल कुणी पुढे काही विचारत नाही. घरातून निघण्याआधी ती भिंतीपुढे उभी राहून चाळीस वेळा "भात" म्हणून बघे. एकदा एका चाळणीने तिला बाजाराचा रस्ता विचारला आणि तिच्या तोंडून "भात" निघून गेलं. चाळण दोन पावलांत ते विसरली. यमू मात्र तीन महिने तो रस्ता टाळून लांबून जात राहिली.

बाकीच्या भांड्यांचा समज भलताच झाला. चाल संथ, बोलणं मोजकं, डोक्यावर दगड, म्हणजे ही कुणी थोर विदुषीच असणार! हळूहळू राज्यातली सगळी प्रतिष्ठित भांडी डोक्यावर दगड घेऊन फिरू लागली. ज्यांना वरवंटा मिळेना त्यांनी बत्ता घेतला. एका हौशी कढईने तर नारळावरच भागवलं.

इकडे यमूचं बूड दुखू लागलं. कल्हई करणाऱ्या वैद्यांनी येऊन बुडावर टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं.

"दूध खाली लागलंय, ताई. वाफ कोंडलीय. आठ दिवसांत झाकण निघालं नाही तर बुडाला भोक पडेल. मग दूधही गेलं आणि तपेलीही गेली."

यमू इतकी घाबरली की त्यांनाही "भात" म्हणाली.

पाचव्या दिवशी राज्याचे प्रमुख डेगराव स्वतः दारात आले. वर्षातून एकदा वाफोत्सव भरत असे. त्यात अध्यक्षांनी आधी झाकण उघडायचं आणि मग सर्वांनी. "यंदा अध्यक्षपद आपणच भूषवावं," डेगराव म्हणाले. यमूला "नको" म्हणायचं होतं, अगदी ओरडून म्हणायचं होतं.

"भात," ती म्हणाली.

"काय हा साधेपणा!" डेगराव गहिवरले आणि तारीख सांगून गेले. तो नेमका आठवा दिवस होता.

आठव्या दिवशी मैदान गच्च भरलं होतं. यमू मंचावर उभी राहिली आणि तिची पाचावर धारण बसली. पोटातलं दूध वर येऊ लागलं. झाकण थडथडलं, वरवंटा डुलू लागला. तिने सगळा जीव झाकण दाबण्यात घातला, तशी बुडातून कळ गेली. पहिल्या रांगेत बसलेली सांडशी आत्या ताडकन उठली आणि जबडा वासून म्हणाली, "धरू का गं?"

यमूने तिच्याकडे पाहिलं. आत्याचे दोन्ही पाय लटपटत होते.

"नको, आत्या," यमू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली. "लांब हो. उतू जाणार आहे मी."

आणि गेली! वरवंटा उडून हारांच्या टोपलीत पडला, झाकण गरगरत मंचाखाली गेलं, आणि दूध पायऱ्यांवरून खळखळत खाली आलं. यमूने डोळे मिटून घेतले आणि पराती हसण्याची वाट पाहिली. कुणीच हसलं नाही. डोळे उघडले तेव्हा पुढच्या रांगेतल्या वाट्या गुपचूप, एकमेकींना ढकलत, पायऱ्यांशी सरकत होत्या. पोटात अजून अर्धं दूध शिल्लक होतं. करपटलेलं होतं, पण होतं. तिला रडू आलं, आणि हसूही आलं.

डेगराव जवळ आले. आभाराचं भाषण करतील असं सर्वांना वाटलं, पण ते खाली वाकून हळूच म्हणाले, "यमूताई, माझं झाकण बोटभरच उघडतं हो. त्यापुढे कधी निघालंच नाही. जरा जोर लावता का?"

यमूने आपली कड त्यांच्या झाकणाखाली घातली. डेगरावांच्या मागे बत्तेवाले उभे राहिले, त्यांच्या मागे नारळवाली कढई, तिच्या मागे पराती. रांग मैदानाबाहेर गेली. सगळ्यांच्या शेवटी सांडशी आत्या येऊन उभी राहिली. तिला झाकण नव्हतं, पोटही नव्हतं, तरी ती रांग सोडून गेली नाही.