गावाला वेढा घालून आलेली झालर

श्रोतेहो, धुंडिनाथ महाराज त्या चैत्रात कुरणपिंपळगावी उत्सवाला उतरले होते. देवळाच्या ओवरीत बसत. भाकरी मिळाली तर खात, नाही मिळाली तर खाल्ल्यासारखे दिसत.

त्या गावात तानाक्का मुलींना क्रोशाचं विणकाम शिकवी. आता डोळे गेले होते, पण वचनं शाबूत होती. "दोरा ओढू नये, बोलवावा." "शेवटची गाठ देवाच्या दारात. घरी मारलेली गाठ घरचीच राहते." "उसवलं त्याच वाटेनं मागं जावं, आडवाट धरली की गुंता." तिची शिष्या भिवरा तीन वर्षं देवाच्या मखराची झालर विणत होती.

"आरतीआधी चढव गं," तानाक्का म्हणाली होती, "मी एकदा हात फिरवीन. मग डोळ्यांचं काही वाटणार नाही."

उत्सवाच्या सकाळी भिवरेनं झालर देवळाच्या पायरीवर मांडली. गाठ अर्थातच मारली नव्हती. तेवढ्यात मानकरी दाजीसाहेब आले.

"काय गं, एवढं जाळं? देव धरतेस की मासे? आणि गाठसुद्धा नाही! गुरूचे डोळे गेले, शिष्येची अक्कल गेली. राहू दे, मी शहरातून जरीची आणलीय."

असं म्हणून ते गावप्रदक्षिणेला निघाले. प्रदक्षिणेत मानकऱ्यानं मागं वळायचं नाही, हा गावचा नेम. झालरीचं मोकळं टोक त्यांच्या जोड्याच्या खिळ्यात अडकलं आणि पावलागणिक झालर उसवत चालली. भिवरा बोंबलत सुटली. दाजीसाहेबांना वाटलं, जयजयकार चाललाय. ते आणखी ताठ झाले.

परत आले तेव्हा दोऱ्याचा गावाला वेढा पडला होता आणि पायरीवर झालरीतलं एकच फूल उरलं होतं. आरतीला घटकाभर अवकाश.

ओवरीतून महाराज म्हणाले, "भिवरे, तुझी गुरू काय सांगते?"

"उसवलं त्याच वाटेनं मागं जावं," ती हुंदके देत म्हणाली.

"मग जाऊ देत की दाजीसाहेब. वळायचं नाही ना? पाठमोरे जा."

"मी? उलटा?" दाजीसाहेब हसले आणि जोडा काढू लागले. जोडा निघेना. पुढं पाऊल उचलेना. चिडून एक पाऊल मागं टाकलं, तर पायरीवर टपकन एक टाका उमटला!

दुसरं पाऊल, दुसरा टाका. काय सांगावं श्रोतेहो! दाजीसाहेब पाठमोरे वेशीवरून गेले, उकिरड्यावरून गेले, एका म्हशीची क्षमा मागून गेले. लोक हसायला लागले म्हणून त्यांनी हळूच तेल्याच्या बोळाकडे पाठ वळवली. पाय जमिनीत रुतला.

"आडवाट!" देवळासमोरच्या ओट्यावरून आंधळी तानाक्का ओरडली.

निमूट राजरस्त्यानं ते पायरीशी पोचले. झालर पुरी झाली होती! खिळ्यातून टोक सुटलं, जोडाही सुटला. दाजीसाहेबांनी पागोटं काढून महाराजांचे पाय धरले. महाराजांनी नुसतं तानाक्काकडे बोट दाखवलं. दाजीसाहेब सरपटतच तिच्यापाशी गेले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

भिवरेनं तिला हात धरून देवळात आणलं. झालरीवरून ती सावकाश बोटं फिरवत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिचा चेहरा उजळला.

"अस्संच हवं होतं गं भिवरे! फक्त उकिरड्यापाशी टाके जरा घाईचे आलेत."

घंटा वाजू लागली. झालर मखरावर चढली, शेवटची गाठ तेवढी राहिली. गाठ मारताना दोऱ्यावर कुणाला तरी बोट ठेवावं लागतं. भिवरेनं मागं पाहिलं.

दाजीसाहेब अनवाणी, बोट पुढं करून, केव्हाचे वाट पाहत उभे होते.