साहेबांचे डोळे

वैजयंती घोरपडेने फोटो काढलेल्या सलग तीन लग्नांत नवरीचे डोळेच पुसट आले. दोष तिच्या नव्या, महागड्या लेन्सच्या ऑटोफोकसचा होता. पण ती तक्रार घेऊन गेली तेव्हा लेन्स कंपनीच्या दुरुस्ती केंद्राचे प्रमुख मिराशीसाहेब सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "आमची लेन्स चुकत नाही. हात तुमचाच हलतो, बाई!"

वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, फोकसचा चौकोन साहेबांच्या डोळ्यावर ठेवला आणि हात न लावता रिमोटने फोटो काढला. फोटोत साहेबांचे डोळे धूसर होते, कानावरचा केस न् केस मात्र स्पष्ट दिसत होता.

"लेन्स चुकत नाही ना?" ती कडाडली. "मग तुमचे डोळे कानांच्या जागी आहेत, एवढं लिहून द्या. मी निघते!"

साहेबांनी लेन्स बदलून दिली.