चांदीची दांडी आणि धुरपीच्या कोंबड्या

करवंदीच्या हिरव्यागार जाळ्यांमागे एक इवलंसं घर होतं. तिथे धुरपी नावाची चिमुकली मुलगी आणि तिची आई, अशा दोघीच राहायच्या. माणसं दोन आणि कोंबड्या मात्र घरभर! कालची चिवचिवणारी पिल्लं बघता बघता मोठी झाली, पण खुराडं होतं तेवढंच राहिलं. अंडी घालायला एक टोपली, झोपायला एक दांडी. मग काय, रोज ढकलाढकली आणि रोज अंड्यांचा चुरा. शेवटी आईने सांगून टाकलं की परवाच्या बाजारी निम्म्या कोंबड्या विकायच्या.

बाजारात गेलेल्या कोंबडीचं काय होतं, ते धुरपीला ठाऊक होतं.

रडत रडत ती करवंदीच्या जाळीपाशी गेली, तर काट्यांत काहीतरी निळंजांभळं फडफडत होतं. पाखरू समजून तिने हळूच काटे सोडवले. बोटं रक्ताळली तरी सोडवले. आणि बघते तर काय, ती करंगळीएवढी परी! धुरपीने डोळे पुसत तिला कोंबड्यांचं सगळं सांगून टाकलं.

"दोन इच्छा देते, बाळ," परी म्हणाली. "एक कोंबड्यांसाठी, एक तुझ्यासाठी. पण दिलेलं मला पुन्हा बदलता येत नाही हं."

आता, मानाची वस्तू उंचावर ठेवायची, ही धुरपीच्या घरची रीत. देव फळीवर, बियाणं शिंकाळ्यात. मग अंडी का खाली? तिने छपराशी गुलाबी मखमलीची खोकी मागितली आणि खाली झोपायला चांदीची दांडी. लखलख करत नवं, ऐसपैस खुराडं उभं राहिलं. आई त्याच्याभोवती फिरून फिरून बघत राहिली.

सांज झाली. कोंबड्या ऐटीत चांदीवर चढल्या आणि सर्रकन घसरल्या! मग सगळ्या फडफडत वरच्या खोक्यांत घुसल्या, एकीच्या डोक्यावर दुसरी. सकाळी मखमल शिटेने माखलेली आणि अंड्यांचा बलक खाली ठिबकतोय. आई इतकी हादरली की म्हणाली, उद्या सगळ्याच विकते.

धुरपीने स्वतःच्या इच्छेत लाल झगा मागायचं ठरवलं होतं, परीला तसं सांगितलंही होतं. ती धावत जाळीपाशी गेली. "परीताई, मला आजच्या दिस कोंबडी कर."

परी दचकून फांदीवरून पडता पडता राहिली. "आणि तुझा झगा गं?"

"झगा ऱ्हाऊ दे. त्यांना काय हवंय ते मला कळंना."

झालं! धुरपीला तांबूस, मऊमऊ पिसं फुटली. दुपारी अंडं घालावंसं वाटलं, तेव्हा जीव खालचा अंधारा, गुपचूप कोपरा शोधू लागला. सांजेला मात्र जमिनीची भीती वाटू लागली. उंच जावं, सगळ्यांत उंच! पण उंचावर खोकीच होती, आणि थंडगार चांदी नखांत धरवेना.

एवढ्यात आई खुराड्याचं दार लावायला आली. समोरची तांबडी कोंबडी म्हणाली, "आये!" आणि पिसं गळून तिथे धुरपी उभी राहिली. आईने दाराचा खांब घट्ट धरला. कोंबड्यांना काय हवंय, ते धुरपीने तिला सांगितलं. ते ऐकल्यावर बाजाराला जायचं तिने टाळलं.

परीला बदलता येत नव्हतं, पण या दोघींना कोण अडवणार? उजाडताच त्यांनी खोकी उतरवून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, आत पेंढा घातला. चांदी काढून सगळ्यांना पुरतील अशा जांभळाच्या जाड, खरबरीत दांड्या उंच बांधल्या. त्या सांजेला अख्खा कळप रांगेने वर जाऊन बसला, एकही खाली पडली नाही.

सकाळी खोक्याखोक्यात स्वच्छ, कोमट अंडी! आई टोपली घेऊन धावत आली. छपरातून निळंजांभळं तेज झिरपलं आणि परी म्हणाली, "राणी कर म्हणणाऱ्या पुष्कळ भेटल्या गं. कोंबडी कर म्हणणारी तूच पहिली. तुझ्या खुराड्याला कोल्हा कधी शिवणार नाही." तेज एकदम वाढलं, दोघींनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा परी नव्हती.

आईने धुरपीला जवळ ओढलं. "एकपण इकायची न्हाई," ती म्हणाली, आणि अंडी गोळा करायला खाली वाकली.