गाळलेला निषाद

"पण बुवा, निषाद का गाळलात, एवढंच सांगा."

मनश्शेबुवा देठे ओसरीवर बसून पायाच्या भेगांना तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी गाळला?"

एलिया ओहोळ गालातल्या गालात हसला. थोरांचा विनय असाच असतो, हे त्याला ठाऊक होतं.

हा एलिया बुवांचाच शागीर्द. दोन वर्षं त्यानं त्यांच्या ख्रिस्ती कीर्तनात मागे उभं राहून टाळ कुटले. मग शहरात जाऊन तो संगीत विशारद झाला आणि तेव्हापासून जमिनीच्या चार बोटं वरून चालू लागला. आता तो मराठी ख्रिस्ती गीतांचा इतिहास लिहीत होता. कोणतं गीत कुणी रचलं, चाल कुणी बांधली, साल कोणतं, सगळं त्याच्या जिभेवर. उपासनेत कुणी चुकीच्या रचनाकाराचं नाव घेतलं, तर हा बाकावरून उठून दुरुस्ती करी. मग प्रार्थना चालू का असेना.

बुवांनी चाळीस वर्षांपूर्वी रचलेलं एक गीत आसपासच्या चर्चच्या सगळ्या मंडळ्यांत म्हणत. विशेषतः कुणाच्या मातीला, कबरस्तानाकडे जाताना. त्या चालीत सगळे सूर होते, फक्त नी, म्हणजे निषाद, कुठंच नव्हता. एलियानं त्या एका नीवर बावीस पानं लिहिली होती. येत्या रविवारी मंडळीच्या शतकमहोत्सवात, पाच पाळकांसमोर, तो ती वाचणार होता. नव्या गीतसंग्रहाचं संपादन कुणाकडे द्यायचं, ते त्यानंतर लगेच ठरणार होतं. म्हणून बुवांचा होकार त्याला हवाच होता.

त्यानं सार ऐकवलं. नी हा सा च्या दारात ताटकळणारा सूर, म्हणजे जिवाची तळमळ. पण तारण झालेल्या माणसाला तळमळ कशाची? म्हणून रचनाकारानं, अतिशय विचारपूर्वक, तो सूर वर्ज्य केला.

बुवा ऐकत राहिले. भेगा चोळायचंही थांबले.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. "मी एवढा मोठा आहे हे मला आजच कळलं."

"मग हे बरोबर आहे ना?"

"आत कोनाड्यात माझी जुनी पेटी आहे. आण."

एलियानं पेटी आणली, धूळ झटकली आणि विशारदाला शोभेल असे डोळे मिटले. काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, सा धरून तो चढू लागला. सा, रे, ग, म, प, ध...

फुस्स.

त्यानं डोळे उघडले. पट्टी पुन्हा दाबली.

फुस्स...

"उंदीर," बुवा म्हणाले. "गीत रचलं तेव्हाच कुरतडून गेला होता."

एलियानं चाचरत विचारलं, की पेटी तेव्हा दुरुस्त का नाही करून घेतली.

"सकाळी आई गेली. दुपारी माती. तेवढ्यात पेटी कुठं दुरुस्त होती रे? माझा गळा काळी एकचा. जे सूर वाजत होते, त्यात बसवलं आणि म्हणत निघालो."

बावीस पानं एलियाच्या मांडीवर फडफडत होती आणि पाच पाळकांचे पाच चेहरे त्याच्या डोळ्यांसमोर नाचत होते. त्याला रडूच यायचं बाकी होतं. पण विशारद तो विशारदच. त्याला लगेच तोड सुचली. चूक सापडली आहे, तर ती सुधारून टाकू. नी घालून चाल पूर्ण करू आणि रविवारी तीच ऐकवू.

त्यानं सा बदलून काळी तीन धरली. तिथला नी वाजत होता. मग त्यानं गीत म्हणायला सुरुवात केली.

आत रिबेकाकाकू, बुवांची बायको, भाकरी थापत होत्या. गीत कानावर पडताच त्याही सवयीनं गुणगुणू लागल्या. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत एलियानं झोकात नी लावला आणि आतलं गुणगुणणं तुटलं. भाकरी थापण्याचा आवाजही थांबला.

काकू पिठाचे हात घेऊन दारात आल्या.

"आरं एलिया, तिथं दम घ्यायचा असतो. कबरस्तानाची टेकडी चढताना माणसं तिथंच खांदा बदलतात. तू मधेच काय घातलंस?"

काकू आत गेल्या. एलियानं मुकाट्यानं तीच ओळ पुन्हा म्हटली, नीशिवाय. त्या रिकाम्या जागी त्याचाही श्वास आपोआप आत आला. मग आतून गुणगुणणं ऐकू आलं, आणि भाकरीचा थप थप आवाजही.

त्यानं पेटीचा भाता मिटला. एकवीस पानांची घडी करून ती पिशवीत सारली. फक्त वरचं पान हातात ठेवलं. पेनाचं टोपण काढलं. आता त्याचा आवाज बराच खाली उतरला होता.

"बुवा... निदान चालीपुढं नाव कुणाचं घालू? तुमचं, का उंदराचं?"

बुवांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. त्या पानाकडे पाहिलं.

"जागा कोरीच सोड. लोकांना दम घ्यायला बरी पडते."