जिच्यावर कुणी पैज लावत नाही

एका राज्यात माणसं थोडी आणि घोडे फार. तिथला राजा भद्रसेन मनाने लोण्याहून मऊ. पण पैज म्हटली की त्याची जीभ वळवळलीच म्हणून समजा. भेरुंड जादूगाराने नेमकं तेच हेरलं. दर चैत्रात त्याचा काळा घोडा आणि राजाचा पांढरा चांदवा यांची शर्यत लागे. दर चैत्रात चांदवा आरंभाच्या रेषेआधीच उधळे, राजा हरे, आणि चांदव्याचा स्वार दगड होऊन पडे.

गेल्या खेपेला दगड झाला तो सर्जेराव. त्याची बायको गजरा राजाच्या पागेत घोड्यांना दाणा-चंदी घालणारी. ती रोज त्या दगडाला अंघोळ घाली, वर दटावी, "हलू नका, कान धुतेय."

यंदा तिसरी, शेवटची शर्यत. ही हरली की दगडांची माती व्हायची, असा पैजेचा बोल होता.

गजरा कपाळाला हात लावून बसली, तेव्हा पागेतली साळुंकी बोलली, "गजराबाई, ज्या जनावरावर पैज लागते, त्यालाच भेरुंडाची जादूची माया दिसते. म्हणून चांदवा उधळतो."

"मग आमची गुळी आहे की! तिच्यावर आजवर कुणी फुटकी कवडी लावली नाही."

गुळी म्हणजे पागेतली म्हातारी तट्टाणी. पोट घागरीसारखं, चाल सासरी निघाल्यासारखी.

शर्यतीच्या दिवशी गजरा गुळीवर बसली. चांदव्यावरचा स्वार देवाचं नाव घेत होता. तिने चांदव्याचा लगाम आपल्या हाती घेतला आणि दोन्ही जनावरं अंगाला अंग लावून निघाली.

लोक हसले. "बाई, ही पळणार?"

"पळायचं त्याने. ही नुसती रेषेपर्यंत पोचवून येईल."

आरंभाच्या रेषेकडे जाताना वाटेत आगीची नदी आडवी आली. चांदवा थरथरला. गुळीला दिसली साधी धूळ. ती डुलत चालली, चांदव्याने तिच्या मानेला मान लावली आणि आग मागे पडली. पुढे सात वाघ. त्यांच्या मधोमध गुळी थांबली, गवताचा घास तोडला, चावत पुढे निघाली. वाघ लाजून विरले.

भेरुंड चवताळला. सोन्याचा हंडा उचलून ओरडला, "हा हंडा मी तट्टाणीवर लावतो! ती रेषेपर्यंत पोचत नाही. कोण घेतं पैज?"

गुळीचे पाय अडले. पैजेला समोरचा लागतो. कुणी हो म्हटलं की माया पुरी, गुळीही उधळणार. राजाचा हात वर जाऊ लागला.

"महाराज, हात खाली!" गजरा ओरडली. "माझा नवरा दगड होऊन पडलाय तिथे!"

"पण बाई, ही तर पोचतेच आहे! हंडा आपलाच की!"

"तुम्ही हो म्हणता क्षणी नाही पोचायची. गप्प बसा!"

राजाने पगडीचा शेमला तोंडात कोंबला, दोन्ही हात मांडीखाली दाबले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, शब्द आला नाही. भेरुंडाने तीनदा पुकारलं. राजाच गप्प, मग प्रजा कशाला बोलतेय?

घेणारा नसलेली पैज लावणाऱ्यावर उलटली. भेरुंडाला स्वतःचीच आग दिसली, स्वतःचेच वाघ दिसले. तो हंडा टाकून जो पळाला तो सीमेपलीकडे दिसेनासा झाला.

गुळीचे पाय मोकळे झाले. तिने चांदव्याला आरंभाच्या रेषेवर सोडलं आणि ती माघारी वळली. चांदवा सुटला तो असा, की काळ्या घोड्याला त्याची शेपटीच काय ती दिसली.

दगडांना घाम फुटला. सर्जेराव जांभई देत उठला. "गजरे, शर्यत सुटली का?"

"जिंकलीसुद्धा. उठा, चांदवा तापलाय, त्याला फिरवून गार करा."

त्या दिवसापासून तिथे धावणाऱ्या प्रत्येक घोड्यासोबत एक तट्टाणी चालते, आणि तिच्यावर पैज लावायची नाही असा राजाचा हुकूम आहे. शाप सरला, राज्य सावरलं. तिथले दगड उठले, तसे ऐकणाऱ्यांचे अडले पाय सुटोत.