राजाच्या पत्राचे उत्तर

सांगा बरे, तुम्ही कधी पत्र लिहून त्याच्या उत्तराची बत्तीस वर्षे वाट पाहिली आहे? नाही ना? मग ऐका.

एका राज्यात अमोघ नावाचा राजा होता. राज्य सुखी होते. विहिरींना पाणी होते, गोठ्यांत गाई होत्या, आणि नाताळ जवळ आला की घराघरांवर कागदी चांदण्या लागत. मुले करवंट्यांत गहू पेरत आणि त्याचे हिरवे अंकुर गव्हाणीच्या देखाव्यापुढे मांडत. एकच गोष्ट त्या राज्यात होत नसे. मुलांची पत्रे नाताळबाबाला पोचत नसत.

पूर्वी पोचत. वेशीबाहेर गोरखचिंचेचे एक झाड होते, दहा माणसांच्या कवेत मावणार नाही एवढे जाड. त्याच्या बुंध्याला ढोली होती. मुले त्या ढोलीत पत्र टाकत, खिंडीतला वारा ते उचलून बर्फाच्या डोंगरापलीकडे नेई, आणि नाताळच्या सकाळी ज्याचे मागणे त्याला मिळे.

अमोघ सहाव्या वर्षी गादीवर बसला. आईवडील नव्हते, सोनाई नावाच्या दाईने त्याला वाढवले. सातव्या वर्षी त्याने पहिले पत्र लिहिले. नाताळची सकाळ झाली, उत्तर आले नाही. दुपार झाली, तरी नाही. तेव्हा तो छोटा राजा पाय आपटत तळघरात गेला. तिथे राज्याचा मांत्रिक कंकोळ राहत असे.

"माझ्या पत्राला उत्तर येत नाही, तोवर कुणाचंच पत्र जायचं नाही!" राजा म्हणाला.

"राजाज्ञा," कंकोळ म्हणाला. राजाज्ञेला वय विचारायचे नसते. "पण महाराज, जादूच्या दोरीला दोन टोकं असतात. दुसरं तुमच्या हाताला बांधलं जाईल."

त्या क्षणी झाडाची ढोली मिटली. आणि त्या दिवसापासून राजाने कोणतेही पत्र हाती घेतले, की ते कोरे दिसू लागे. राजाची पत्रे प्रधान वाचून दाखवी, राज्यकारभार चाले. वर्षे गेली. राजाचे लग्न झाले, केतकी नावाची मुलगी झाली. बघता बघता तीही सात वर्षांची झाली.

एके सकाळी केतकी दरबारात आली. तिच्या हातात एक कागद होता आणि नाकावर शाई होती.

"बाबा, मी नाताळबाबाला पत्र लिहिलंय. अक्षर कसं आहे?"

राजाने कागद हाती घेतला. पांढराशुभ्र कोरा कागद.

"अक्षर छान आहे," राजा म्हणाला.

"मग काय लिहिलंय, सांगा."

राजाने कागद उलटून पाहिला. मागची बाजूही कोरीच होती.

"म्हणजे खरंच आहे तर," केतकी म्हणाली. "आपल्या वाड्यातली बोलकी साळुंकी म्हणत होती, तुम्हाला पत्र दिसत नाही म्हणून." तिने थोडा विचार केला. मग कागद परत घेतला, प्रधानाच्या दौतीत बोरू बुडवला आणि राजाच्या देखत आणखी एक ओळ लिहिली. "घ्या. आता तुमच्याकडेच ठेवा. ढोली उघडली की टाका."

राजाने ते पत्र शेल्यात खोचले. प्रजेची हजार पत्रे दिसली नाहीत, त्याचे त्याला फारसे वाटले नव्हते. पोटच्या पोरीचे पहिले पत्र दिसेना, ते सोसवेना. तो उठला आणि बत्तीस वर्षांनी तळघराच्या पायऱ्या उतरला.

"कंकोळ, जादू सोड."

"मी फक्त गाठ मारली, महाराज. ती सुटायची तर तुमच्या पत्राला उत्तर यायला हवं. पत्र कुठे अडलं, ते शोधा. नाताळबाबाच्या घरी विचारा, खिंडीतल्या वाऱ्याला विचारा, झाडाला विचारा. तिघं फुकट सांगणार नाहीत."

राणीने करंज्यांचा डबा भरून दिला. साळुंकी राजाच्या खांद्यावर बसली.

"मी वाचून दाखवीन. पण फक्त नावं," ती म्हणाली. "मजकूर ज्याचा त्याचा."

"आणि केतकीचं पत्र?"

"तेही तिचंच. गळ घालू नका, महाराज."

नऊ दिवस चालून राजा बर्फाच्या डोंगरापलीकडे पोचला. नाताळबाबा गाडीला तेल द्यायला गेला होता. दाराशी एक म्हातारे अस्वल बसले होते. आत सात खोल्या होत्या आणि सातही खोल्या पत्रांनी भरल्या होत्या.

"पत्रं वर्षावार लावून दे. मग तुझं शोध," अस्वल म्हणाले. "काय मागितलं होतंस?"

"लाकडी घोडा असावा," राजा म्हणाला.

साळुंकीने नावे वाचली, राजाने पत्रे लावली. तीन दिवस लागले, तेवढ्यात अस्वलाने करंज्या संपवल्या. जगभरच्या मुलांची पत्रे तिथे होती. अमोघचे नव्हते.

"म्हणजे इथवर आलंच नाही," अस्वल डबा चाटत म्हणाले. राजाची बोटे थंडीने निळी पडली होती. अस्वलाने खुंटीवरून लाल लोकरी मोज्यांचा एक जोड काढला. "हे घे. बत्तीस वर्षं लटकतायत. विणून तयार झाले, पण मागणीचं पत्र काही आलं नाही."

मोजे राजाच्या पायांना लहान होते. त्याने ते हातांत घातले आणि खिंडीत आला.

खिंडीत वारा राहत होता. "मला गाणं म्हणून दाखव," वारा म्हणाला. "सगळे मला शिव्याच देतात."

राजाला एकच गाणे येत होते, सोनाईचे अंगाईगीत. त्याने ते तीनदा म्हटले. तिसऱ्या वेळी वारा पडला आणि आळसावून बोलला.

"तुझं पत्र मी उचललं नाही. काय मागितलं होतंस?"

"तलवार असेल," राजा म्हणाला. पण त्याचे त्यालाच पटले नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारच्या उन्हात, राजा गोरखचिंचेपाशी आला.

"मला तहान लागली आहे," झाड म्हणाले. "माझी ढोली मिटली, तेव्हापासून मुलं इकडे फिरकत नाहीत. पाणी कोण घालणार?"

राजाने ओढ्यावरून घागरी आणल्या. तिसाव्या घागरीला झाड म्हणाले, "पुरे. आता सांग, काय मागितलं होतंस?"

राजा बुंध्याला टेकून बसला. घोडा नव्हे, तलवार नव्हे. "आठवत नाही," तो म्हणाला. "मिळालं नाही, तेवढंच आठवतं."

"ते पत्र माझ्यात पडलंच नाही. तू स्वतः टाकलं होतंस?"

"मला सर्दी झाली होती. मी सोनाईच्या हाती दिलं होतं."

एवढे बोलून राजा उठला आणि धावतच वाड्यात गेला.

सोनाई स्वयंपाकघरामागच्या उन्हात गुडघे शेकत बसली होती. राजाला बघताच तिला सगळे कळले. तिने उशाचे गाठोडे सोडले. त्यात चोळीचे खण होते, सुया होत्या, आणि तळाशी एक पिवळा पडलेला कागद होता.

"बाळराजे, मी टाकायला निघाले होते. मला वाचता येत नाही, म्हणून वाटेत पहारेकऱ्याकडून वाचून घेतलं, नीट लिहिलंय ना बघायला." तिने डोळे मिटले आणि घडाघडा म्हटले, "'नाताळबाबा, मला काही नको. आमच्या सोनाईचे पाय थंडीत ठणकतात. तिला लाल मोजे दे.'"

राजाने हातांतल्या लाल मोज्यांकडे पाहिले.

"जन्मात माझ्यासाठी कुणी काही मागितलं नव्हतं," सोनाई म्हणाली. "तो कागद हातून सुटेना. म्हटलं, आजचा दिवस ठेवते, उद्या टाकते. तोवर तुम्ही रुसलात, तळघरात गेलात. मग भीती वाटली. मला घालवून दिलंत तर तुम्हाला जेवू कोण घालणार? मग तुम्ही मोठे झालात. सगळ्या पोरांची पत्रं माझ्यापायी अडली, बाळराजे. काय शिक्षा द्यायची ती द्या."

राजा खाली बसला. त्याने हातातले मोजे काढले आणि सोनाईचे पाय मांडीवर घेतले. तिचे पाय लहानसे होते. मोजे अगदी बरोबर बसले.

"उत्तर आलं गं," राजा म्हणाला. "थोडा उशीर झाला."

"थोडा?" सोनाई म्हणाली. "माझे दात पडले तेवढ्यात!" आणि ती रडता रडता हसली.

तेवढ्यात वेशीबाहेर मोठा आवाज झाला. झाडाची ढोली उघडली होती. गावोगावची मुले धावत सुटली. कुणी चटईखालून पत्र काढले, कुणी धान्याच्या कणगीतून. न पाठवता येणारी पत्रेही त्यांनी दरवर्षी लिहिली होती. काही मुलांच्या तर आतापावेतो मिशा पिकल्या होत्या, तेही रांगेत उभे राहिले.

राजाने शेल्यातून केतकीचे पत्र काढले. कागदावर अक्षरे एकेक करून वर आली, तिरकी, मोठी, शाईचे डाग पडलेली.

"नाताळबाबा, मला बकरीचं पिल्लू हवं. पांढरं. कान काळे असले तरी चालतील."

आणि खाली, प्रधानाच्या दौतीतल्या शाईने: "बाबांना सांगू नका. ते नको म्हणतील."

"बाबा!" केतकी मागून धावत आली. "तुम्हाला दिसलं का?"

राजाने पत्राची घडी घातली.

"अक्षर छान आहे," तो म्हणाला, आणि तिला उचलून त्याने ढोलीपाशी धरले. पत्र तिने आपल्या हाताने टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या अंगणात काळ्या कानांचे एक पांढरे करडू उभे होते, आणि ते राजाच्या जोड्याची वादी खात होते.