मिटल्या डोळ्यांची नाणी

एका राज्यात समुद्राकाठी रुप्याची खाण होती, आणि तिथल्या नाण्यावर देवीच्या घुबडाचा ठसा असे. संशय आला की पारखी नाण्यावर छिन्नीचा घाव घालून आतली चांदी पाही. घाव पडलेले नाणे लोक अधिकच विश्वासाने घेत.

पुढे युद्ध आले, खाण आटली. राजा तुंगध्वजाने तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून नाणी पाडली. चोरी उघडी पडू नये म्हणून दवंडी पिटवली, की देवीच्या पक्ष्यावर घाव घालणे हे महापाप आहे. चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय!

त्याच दिवशी प्रत्येक नाण्यावरच्या घुबडाने डोळे मिटले. राजकन्या कौमुदीचेही डोळे मिटले, ते उघडेनात. वैद्य थकले, मांत्रिक हरले. राजाची ती एकुलती एक लेक. त्याला अन्न गोड लागेना.

अखेर तो देवळात गेला. कमानीवर कोरलेल्या घुबडाने लेकीचे डोळे उघडण्यासाठी त्याला तीन कामे सांगितली. पहिले, चांदी स्वतः खणावी. राजाने सात दिवस कुदळ चालवली, तेव्हा मूठभर निघाली. दुसरे, नाणे स्वतः पाडावे. ठसा वाकडा उमटला, तरी त्यावरच्या घुबडाने एक डोळा उघडला. तिसरे काम मात्र सर्वांत अवघड होते. भरल्या बाजारात त्याने आपलेच पत्रा चढवलेले नाणे कापायचे होते.

"माझी अब्रू जाईल," राजा म्हणाला.

"ती गेलीच आहे. लोकांना कळायची राहिली आहे," घुबड म्हणाले.

राजा लेकीचा हात धरून बंदरावरच्या बाजारात आला. म्हाताऱ्या वज्रनाभ पारख्याने त्याच्या हाती छिन्नी दिली. राजाने ती नाण्याच्या अगदी कडेला टेकवली. पारखी हळूच म्हणाला, "महाराज, तिथे पत्रा जाड असतो. चांदीच दिसेल. घाव मध्यावर घालावा."

राजाने लेकीकडे पाहिले आणि छिन्नी मध्यावर सरकवली. घाव पडला, आतले तांबडे तांबे उघडे झाले.

"हे पाप माझे आहे," राजा सर्वांदेखत म्हणाला.

कौमुदीचे डोळे उघडले. तिला प्रथम दिसला तो मान खाली घालून रडणारा बाप. तिने त्याचा हात सोडला नाही.

राजाने खोटी नाणी वितळवली, छिन्नी पारख्याकडे परत गेली. ज्या राज्याचा राजा भर बाजारात खोटा ठरला, त्याचेच नाणे पुढे सातही समुद्रांवर न पारखता चालले.